सायकलचा घरगुती एलईडी दिवा: लेन्स कोणती घ्यावी, रिफ्लेक्टर कोणता

आमच्या चोपडा तालुक्यात शेतीच्या मोटारीची थ्री-फेज लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की केळीला पाणी भरायला आबा साडेअकराला सायकल काढतात. गावाबाहेर पडलं की खांबावर दिवा नाही. शिवाररस्त्याला खड्डे, पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या, आणि अधूनमधून रस्ता ओलांडणारं जनावर. त्यांच्यासाठी मी पहिला दिवा बनवला तेव्हा दुकानात होती त्यातली सगळ्यात झगझगीत एलईडी आणली, पुढं एक चकचकीत रिफ्लेक्टर लावला आणि अंगणात पेटवून सगळ्या गल्लीला दाखवला. आबा रात्री दोनला परत आले आणि सायकल लावता लावता म्हणाले, “भो, झाडं दिखतस, वाट दिखत नही.”

एलईडीत खोट नव्हती, बॅटरीतही नव्हती. चुकलं होतं ते एलईडीच्या पुढं लावलेलं. त्यानंतर चार-पाच दिवे बनवले, दोन वाया घालवले. आता गावातली पोरं येऊन विचारतात, “दादा, किती ल्युमेनचा घेऊ?” ल्युमेन म्हणजे एलईडीतून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. हा प्रश्नच उलटा आहे. उजेड कुठं पाडायचा ते आधी ठरवा, ल्युमेनचं नंतर बघू. कुठं पाडायचा हे लेन्स ठरवते, म्हणून या लेखात बहुतेक लेन्सचंच बोललोय.

काय काय लागेल

- एक एलईडी, २० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेली (दुकानात ‘स्टार’ म्हणून मागा)
- तिला जुळणारी २० मिलिमीटरची लेन्स, होल्डरसकट
- ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठरावीक करंट देणारी छोटी पट्टी
- १८६५० आकाराचा लिथियम सेल, प्रोटेक्शन सर्किट असलेला, आणि त्याचा चार्जर
- ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपाचा तुकडा. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याच्या दुकानात भंगारात पडलेला असतो
- थर्मल पेस्ट, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर
- मोजपट्टी, खडू आणि अंधारातली एक मोकळी भिंत

शेवटची ओळ गमतीने लिहिलेली नाही. भिंत नसेल तर बाकीच्या वस्तू आणून फारसा उपयोग नाही. खरेदी म्हणाल तर सोल्डर, सेल, वायर हे मी जळगावला गोलाणी मार्केटला गेलो की घेतो. लेन्स मात्र ऑनलाइन मागवतो, कारण लेन्सला तिचा कागद लागतो. तो का, ते चौथ्या पायरीला.

१. आधी आपली वाट बघा

शेतरस्त्यावर सायकल ताशी १२ किलोमीटरने चालते, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वातीन मीटर. दहा मीटर पुढचा खड्डा दिसला तर हातात तीन सेकंद असतात. तेवढे पुरतात. पण बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर ताशी २० ने जात असाल तर तेच तीन-साडेतीन सेकंद मिळवायला नजर २० मीटरपर्यंत पोचायला हवी. आणि अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. त्यामुळे दोन्ही कामांना एकच दिवा म्हणणारा माणूस शेवटी दोन दिवे बनवतो. मीही तेच केलं.

शेतात जाणाऱ्याला रुंद आणि जवळचा उजेड हवा: दोन्ही बाजूचे बांध, मोकाट कुत्रं, चारीवरची मोरी. उन्हाळ्यात पहाटे चारला सायकलिंगला निघणाऱ्यांना (आमच्याकडे मे महिन्यात सकाळी नऊनंतर सायकल चालवणं हा वेडेपणा आहे) लांबचा झोत हवा. तुम्ही यातले कोण ते ठरवा, मगच पुढची पायरी वाचा.

२. एलईडी लहान घ्या

एलईडीच्या मधोमध जो पिवळा चौकोन दिसतो त्यातून उजेड निघतो. हा चौकोन जितका लहान, तितका त्याच लेन्समधून झोत बारीक निघतो. चौकोन मोठा झाला की झोत फाकतो. क्री कंपनीची एक्सपी-जी२ ही एलईडी बाहेरून ३.४५ बाय ३.४५ मिलिमीटरची आहे आणि एक्सएम-एल२ ही ५ बाय ५ मिलिमीटरची; तिच्या आतला पिवळा चौकोनही मोठा. एक्सएम-एल२ जास्त करंट खाते, जास्त उजेड देते, म्हणून सगळे तिच्याच मागे. पण २० मिलिमीटरच्या लेन्समागे तिचा उजेड आवरत नाही. माझ्या पहिल्या दिव्यातही तीच होती.

सायकलला एक्सपी-जी२ भरपूर होते. ७०० मिलिअँपिअरवर ती सव्वादोनशे ते अडीचशे ल्युमेन देते. ७१३५ नंबरची चिप असलेला ड्रायव्हर घेतला तर एक चिप ३५० मिलिअँपिअर देते, म्हणून दोन चिपवाला मागा. २६०० मिलिअँपिअर-तासाचा चांगला सेल साडेतीन तास चालतो. आबांचं जाणं-येणं आणि मध्ये दांड फोडणं त्यात आरामात बसतं.

रंगाबद्दल माझं मत: निळसर पांढरा ६५०० केल्विनचा घेऊ नका. काळी माती आणि ओला खड्डा त्यात सारखेच दिसतात. ४००० ते ५००० च्या मधला घ्या.

३. रिफ्लेक्टर की लेन्स?

इथं जुन्या सायकलींचा मोह आडवा येतो. घरात आजोबांच्या सायकलचा डायनॅमोचा दिवा असतो, आतली वाटी अजून चकचकीत असते, आणि वाटतं की बल्ब काढून तिथं एलईडी ठेवली की झालं. होत नाही. जुन्या बल्बची तार चारी बाजूंनी उजेड फेकते. तो बाजूचा आणि मागचा उजेड गोळा करून पुढं पाठवायला ती वाटी बनवलेली असते. एलईडी पाठीमागं काहीच फेकत नाही, सगळं पुढं. तिला वाटीच्या तळाशी पुढं तोंड करून बसवलं की बहुतेक उजेड वाटीला न शिवताच निघून जातो. हॅलोजनच्या छोट्या बल्बच्या (एमआर१६) वाटीचंही तेच. जर्मनीतल्या काही सायकल दिव्यांत एलईडी उलट्या तोंडाने, आरशाकडं बघत बसवतात. ते बरोबर आहे, पण तो आरसा त्याच एलईडीसाठी घडवलेला असतो.

एलईडीसाठी बनवलेले रिफ्लेक्टर वेगळे, खोल असतात. गुळगुळीत रिफ्लेक्टर मधोमध टोकदार ठिपका देतो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असतो तो ठिपका थोडा मऊ करतो आणि कडेची वर्तुळं पुसतो. दोन्हींची एक मर्यादा मात्र सारखीच. एलईडीतून सरळ पुढं जाणारा उजेड रिफ्लेक्टरच्या हाती लागतच नाही. तो मोठ्या वर्तुळात सगळीकडं सांडतो, आणि त्यातला वरचा अर्धा झाडांवर आणि समोरच्याच्या तोंडावर जातो. हातातल्या बॅटरीला हे चालतं, तिथं आजूबाजूचं दिसायलाच हवं. सायकलवर तो उजेड फुकट जातो.

प्लास्टिकची भरीव लेन्स, जिला टीआयआर लेन्स म्हणतात, ती दोन्ही कामं करते. मधला उजेड समोरच्या भिंगातून जातो आणि कडेचा आतल्या उतारावर आपटून पुढं वळतो. वरून तिला चांदीचा मुलामा नसतो, तरी आतून आरशासारखी वागते. एलईडीचा ८५-९० टक्के उजेड लेन्समधून पुढं निघतो, आणि त्यातला मोठा भाग तुम्हाला हवा तिकडं. म्हणून सायकलसाठी माझा कौल लेन्सला.

तिसरा प्रकार म्हणजे पुढं-मागं सरकवायच्या झूम टॉर्चमधलं फुगीर भिंग. झोत बारीक केला की भिंतीवर पिवळसर चौकोन उमटतो, ते एलईडीचंच चित्र असतं. लांब जातो खरा, पण त्या अवस्थेत बाजूचा सगळा उजेड नळीच्या आतच मरतो. सायकलला नको.

४. कोन: सगळा खेळ इथं आहे

लेन्सवर १०, १५, ३०, ४५ असे अंश लिहिलेले असतात. ज्या कोनावर उजेड मधल्या उजेडाच्या निम्मा होतो, तो डावीकडून उजवीकडं मोजलेला पूर्ण कोन म्हणजे हा आकडा. त्यापलीकडं अंधार नसतो, फिका उजेड असतो. दहा मीटरवर या कोनांची रुंदी अशी पडते:

- १० अंश: १.७५ मीटर
- २० अंश: ३.५ मीटर
- ३० अंश: ५.४ मीटर
- ४५ अंश: ८.३ मीटर

आकडे बघून नवा माणूस ३० उचलतो, कारण शेतरस्ता बांधापासून बांधापर्यंत व्यापतो. मीही उचलली होती. आता तोच कोन उभा धरून बघा. हँडल जमिनीपासून एक मीटर. झोताचा मध्य दहा मीटरवर टेकवायचा तर दिवा ५.७ अंश खाली वाकवावा लागतो. ३० अंशाचा वरचा अर्धा भाग १५ अंश, त्यातून ५.७ वजा केले तर ९.३ अंश उजेड आडव्या रेषेच्या वर चाललाय. दहा मीटरवर तो २.६ मीटर उंचीला पोचतो. बैलगाडीवर बसलेल्या माणसाचे डोळे त्याच्या आतच येतात. हे गणित मला एका गाडीवानाने शिकवलं. कापूस भरून येत होता, बैल बुजले, आणि त्याने अंधारातून आवाज दिला, “डोया फोडस का रे भो!”

आता १० अंशाची गोल लेन्स तशीच लावली तर वरची कड ५ अंश, वाकवलंय ५.७, म्हणजे उजेडाचा मुख्य भाग आडव्या रेषेच्या खालीच राहतो. खालची कड ५.३ मीटरवर टेकते. उभ्या दिशेने हेच हवं. पण आडव्या दिशेने पावणेदोन मीटरची पट्टी म्हणजे नळीतून बघत सायकल चालवणं. वळणावर तर काहीच दिसत नाही.

यावर उतारा म्हणजे लंबगोल झोताची लेन्स. तिच्यावर दोन आकडे असतात, साधारण १० बाय ४० किंवा १० बाय ४५ असे. उभी दहा, आडवी चाळीस. दोन्ही बांध दिसतात आणि गाडीवान शिव्या देत नाही. एकच दिवा बनवणार असाल तर डोळे झाकून हीच घ्या. हमरस्त्यावर जाणाऱ्यांनी तिच्या जोडीला १० अंशाच्या गोल लेन्सचा दुसरा दिवा बसवावा, वेगळ्या सेलवर, वेगळ्या बटणावर. एक बंद पडला तर दुसरा असतो.

जर्मनीत रस्त्यावरच्या सायकल दिव्याने समोरच्याचे डोळे दिपवायचे नाहीत असा कायदाच आहे, म्हणून तिकडच्या दिव्यांचा झोत वरून कापल्यासारखा सपाट असतो. आपल्या लेन्सला इतकी धारदार कड येत नाही, पण निम्मं काम ती करते.

आता कागदाची गोष्ट. कार्क्लो, लेडिल असे बनवणारे प्रत्येक लेन्ससोबत माहितीपत्रक देतात आणि कोणत्या एलईडीवर किती अंश येतात त्याचा तक्ता त्यात असतो. लेन्सवरचे १० अंश लहान एलईडीसाठी असतात. तीच लेन्स एक्सएम-एल२ वर ठेवली की झोत फाकतो. कागद नसलेली लेन्स म्हणजे चिठ्ठी नसलेलं बियाणं: उगवेल, पण काय उगवेल ते उगवल्यावरच कळणार.

५. बसवताना

एलईडी ॲल्युमिनियमच्या पाइपावर थर्मल पेस्टने आणि दोन स्क्रूने घट्ट बसवा. पेस्ट पातळ, पोळीवर तूप लावतो तेवढीच. दिवा हाताला सोसवेनासा गरम होत असेल तर पाइपाचा तुकडा लहान पडतोय. तपासणी अंगणात, सायकल उभी असताना करा. चालताना वारा लागतो, म्हणून उभ्यानेच खरं कळतं.

लेन्सच्या होल्डरला पाय असतात, ते चकतीच्या खाचांत बसतात. एलईडीचा घुमट लेन्सच्या खळग्यात अलगद यायला हवा, दाबला जायला नको. वायरीचा सोल्डर फुगीर राहिला की होल्डर त्यावर चढतो, लेन्स अर्धा मिलिमीटर वर राहते, आणि भिंतीवर मधोमध काळसर भोक असलेलं मेदूवड्यासारखं वर्तुळ दिसतं. मी हे लेन्सचं दुखणं समजून दोन लेन्स बदलल्या. दुखणं माझ्या सोल्डरात होतं. कानशीने नव्हे, गन पुन्हा लावून सोल्डर चपटा करा.

ज्यांना रिफ्लेक्टरच लावायचा आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. त्याच्या आतला मुलामा धातूचा असतो आणि रिफ्लेक्टरच ॲल्युमिनियमचा असला तर तळही धातूचाच. तो दोन्ही सोल्डरला टेकला की शॉर्ट. अंगणात चाललेला माझा एक दिवा चारीच्या मोरीवर गचका बसला आणि गेला, आबांनी उरलेली वाट चांदण्यात काढली. मधोमध बसवायचा प्लास्टिकचा वॉशर मिळतो, तो घालाच. आणि रिफ्लेक्टर आतून पुसू नका, रुमालानेसुद्धा नाही. मुलामा निघून येतो.

चिकटवण्याबद्दल तीन गोष्टी, तिन्ही नुकसान सोसून शिकलेल्या:

- फेविक्विकच्या जातीचा गोंद लेन्सजवळ नको. त्याची वाफ लेन्सवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते.
- व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन नको. धातू खातो. न्यूट्रल लिहिलेला मागा.
- लेन्स बहुधा ॲक्रिलिकची असते. थिनर, पेट्रोल, स्पिरिट लावलं की आत बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस.

लंबगोल लेन्स पक्की करायच्या आधी तिच्या तोंडावरच्या रेघा बघा. उजेड रेघांना आडवा फाकतो. म्हणजे रेघा उभ्या हव्यात, तेव्हा झोत आडवा पडेल. उलटी बसली तर रस्त्याच्या मधोमध एक उभी पट्टी आणि वर आंब्याचा शेंडा लख्ख. हसू नका, माझ्याकडं त्याचा फोटो आहे.

६. भिंतीवर तपासा

अंधार पडल्यावर सायकल भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर उभी करा. टायरात हवा भरलेली असू द्या आणि सीटवर कुणाला तरी बसवा, कारण वजनाने पुढचा भाग थोडा बसतो. भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूने आडवी रेघ मारा. तिच्याखाली ५० सेंटीमीटरवर दुसरी. आता दिवा असा वाकवा की झोताचा सगळ्यात उजळ भाग खालच्या रेघेवर येईल. दिवा एक मीटर उंच असेल तर तो दहा मीटरवर टेकेल. ७० सेंटीमीटरवर असेल तर सात मीटरवर. वरच्या रेघेच्या वर ठळक उजेड दिसत असेल तर लेन्स फिरवा किंवा बदला. आणखी खाली वाकवून भागवू नका, कारण मग दिवा फक्त पुढचं चाकच दाखवतो.

मोबाइलवर लक्स, म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो ते मोजायचं ॲप असतं. त्याचा आकडा खरा मानू नका, पण एकाच फोनने दोन लेन्सची तुलना करायला ते चांगलं. फोटो काढून तुलना करू नका, कॅमेरा उजेड आपल्या मनाने कमी-जास्त करतो.

७. दिवा कुठं लावायचा

शक्यतो हँडलच्या खाली, चिमट्याच्या वर, मडगार्डचा बोल्ट असतो तिथं. खालून गेलेल्या उजेडात खड्ड्याची सावली लांब पडते, म्हणून खड्डा लवकर कळतो. डोक्याला बांधायची बॅटरी पाणी भरताना छान, पण सायकलवर तिच्यात खड्डे सपाट दिसतात: उजेड आणि डोळा एकाच जागी, मग सावली दिसणार कुठून? ट्रॅक्टर पुढून गेल्यावर उडालेली धूळही डोळ्यासमोरच पेटते.

पावसाळ्यात किडे येतातच, लेन्सवर चिकटतात. उन्हाळ्यात दुपारी सेल काढून सावलीत ठेवा. आमच्याकडं पारा ४५ ला गेला की सायकलचं लोखंड हात लावू देत नाही, लिथियमच्या सेलने ते का सोसावं? मागं लाल दिवा किंवा निदान लाल रिफ्लेक्टर हवाच, रात्री केळीचे ट्रक मागून येतात.

शेवटचं काम बायकोची नाहीतर बहिणीची नेलपॉलिश मागून करायचं आहे. भिंतीवर दिवा बरोबर बसला की क्लॅम्प आणि तो सायकलच्या ज्या भागावर आवळलाय तो भाग, या दोन्हींवरून जाईल अशी एक बारीक रेघ ओढा. चाकोरीत गचका बसून दिवा हलला की अंधारात उतरायचं, रेघ रेघेला लावायची आणि स्क्रू आवळायचा. आबांना कोन-बिन काही सांगावं लागत नाही. ते म्हणतात, “लाल रेघ सरकी गयी,” आणि मी पाना घेऊन बाहेर येतो.